अर्ध्या कामाची माळ

माझ्या गाडीत काचेखाली दिव्यांची एक रांग आहे. दार नीट लागलं नसेल तर दिवा, पट्टा बांधला नसेल तर दिवा, टायरमधली हवा उतरली तर दिवा. त्यात ब्रेकचा एक लाल दिवा आहे. गाडी सुरू करायचं बटण दाबलं की तो क्षणभर पेटतो, सगळं ठीक आहे असं सांगतो आणि विझतो. दीड वर्ष मी ती गाडी चालवली, आणि दीड वर्ष त्या एका क्षणापुरती मान वळवून खिडकीबाहेर बघत आले.

गाडी दोन दारांची, दोन माणसांची, बुटकी आणि राखाडी. परदेशी बनावटीची, एका मालकाच्या हातून आलेली, पण नवीच म्हणायची. सांगलीत अशा गाडीतून मी उतरले की ओळखीची माणसं आधी गाडीकडे बघतात, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे. पिशवीत पत्रकं असतात. मी ती ज्या छापखान्यात छापून घेते, तिथले मालक एकदा गठ्ठे बांधता बांधता म्हणाले, "ताई, पत्रकं तीन हजार, आणि तुमच्या गाडीत मावतात पाचशे. समता आणायला सहा खेपा मारायला लागणार तुम्हाला." सगळे हसले. मीही हसले. त्यांना वाटलं, मला या गाडीच्या श्रीमंतीची लाज वाटते. तीही वाटते. पण तेवढीच वाटत असती तर मी गाडी विकून मोकळी झाले असते.

ही गाडी मला एका खोट्या शब्दामुळे मिळाली. तो शब्द मी माझ्या मामांना, त्यांच्या डोळ्यांत बघून बोलले होते.

आमचं घर माधवनगरचं. वडील गिरणीत होते. मी जन्मायच्या आधीच गिरणी बंद पडली, पण घरातली पत्रकं बंद पडली नाहीत. कामगारांची, पाण्याची, बुवाबाजीविरुद्धची, गुलाबी आणि पिवळ्या कागदांवरची. कपाटाच्या फळ्यांवर आई वर्तमानपत्राऐवजी जुनी पत्रकं अंथरायची, आणि डबे काढता-ठेवताना मी ती वाचायचे. 'बंधुभगिनींनो' हा शब्द मला शाळेत जायच्या आधी वाचता येत होता. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःची पत्रकं लिहायला लागले. लिहिताना मला कधी अडखळायला झालं नाही. खरं काय आणि खोटं काय हे मला पक्कं ठाऊक असायचं. ठाऊक नसलं तरी वाक्य तसंच यायचं.

मामा मेढ्याचे, आईचे थोरले भाऊ. लष्करात गाड्यांचे मिस्त्री होते. निवृत्त होऊन गावी आले ते हत्यारांची एक लोखंडी पेटी आणि ट्रकवर चढवलेली एक मोडकी गाडी घेऊन. ती गाडी एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याच्या बंगल्यामागे वर्षानुवर्षं पडून होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. साहेबांनी ती मामांना देऊन टाकली. दोनच माणसांची, वर छप्पर नाही, लांबलचक नाक आणि तारांची चाकं. मामांच्या लग्नापेक्षा जुनी. मामांनी ती सात वर्षं खपून उभी केली. जे सुटे भाग मिळाले नाहीत ते साताऱ्यात लेथवर बसून करून घेतले. मेढ्यातले लोक अंगणाशी थांबून विचारायचे, "मिस्त्री, छप्पर कवा घालणार गाडीला?" मामा म्हणायचे, "तुमच्या घरावरचं उतरलं की."

मामा-मामींना मूल नाही. त्यामुळे माझ्या सगळ्या सुट्ट्या मेढ्यात गेल्या आणि गाडी चालवायला मी त्या हिरव्या गाडीवर शिकले. तिचं इस्टेरिंग इतकं जड की गाडी वळवताना खांदे भरून यायचे. गिअर उतरवायला क्लच दोनदा दाबावा लागे. इंजिनाची ऊब पायांवर येई, पेट्रोलचा वास कपड्यांना लागे, आणि ताशी साठवर असं वाटे की जग आता सुटणार. मी सारखी विचारायची, मामा, आता गिअर टाकू का, आता टाकू का? ते म्हणायचे, "मला काय इचारतीस पोरी? तिला इचार की. ती सांगती." आणि खरंच ती सांगायची. आवाज जरा घोगरा झाला की चढ लागलाय, पेडल पायाला मऊ लागलं की दोनदा दाब. ब्रेकचं पेडल तर तिचं नेहमीच खोल जायचं. मला त्याची सवय होती, आणि पुढं जे झालं त्यात त्या सवयीचाही वाटा आहे.

खंडेनवमीला मामांच्या अंगणात मोठी पूजा असे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी हत्यारं पूजायची, हे आमच्याकडं घरोघरी असतं. पाने, पकडी, हातोड्या, जॅक, सगळं धुऊन-पुसून सतरंजीवर मांडलेलं, त्यावर हळदकुंकू. गाडीच्या नाकाला झेंडूची माळ. पूजेला ठेवलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी शिलंगणाला, म्हणजे दसऱ्याला, ते उचलायचं. आणि मामांचा स्वतःचा एक नियम होता, वर्कशॉपमधला असावा. एखाद्या गाडीचं काम अर्ध्यावर असताना नवमी आली, तर हत्यारं खाली ठेवायची आणि त्या गाडीच्या इस्टेरिंगला दुसरी माळ बांधायची. मी बारा-तेरा वर्षांची असताना एकदा विचारलं होतं, ही आतली माळ कशाला? ते म्हणाले होते, "काम आर्दं हाय. माळ उतरंपतूर बसायचं न्हाई."

मी हे विसरले होते असं म्हणायची फार इच्छा होते. विसरले नव्हते. लक्षात ठेवून मी ते भलत्या कप्प्यात टाकलं होतं. पुढं मी बुवाबाजीविरुद्ध, मुहूर्तांविरुद्ध, लिंबू-मिरचीविरुद्ध लिहायला लागले, तेव्हा मामांची माळही आपोआप त्या रांगेत जाऊन बसली.

दोन वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला मी मेढ्याला निघाले, तेव्हा माझ्याबरोबर माझा कॉलेजमधला मित्र होता. सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याचा मुलगा, जैन, घरी पिढ्यान्‌पिढ्यांची पेढी. त्यानं नुकतीच नवी स्पोर्ट्स कार घेतली होती आणि तिच्यातूनच आम्ही आलो. वाटेत साताऱ्यापर्यंत आमचं भांडण चाललं होतं. त्याच्या महिनाभर आधी मी एक पत्रक लिहिलं होतं, 'उघडता येणारं यंत्र'. त्यात म्हटलं होतं की नवी यंत्रं मालकाला आत बघू देत नाहीत, ती बिघडली की फेकायची आणि दुसरी घ्यायची. जुनं यंत्र कामगाराचं, कारण ते पान्यानं उघडतं. उदाहरण म्हणून मामांची गाडी दिली होती. नाव न घेता, पण मेढ्यात अशी गाडी एकच.

"तुझ्या गाडीचा आवाजसुद्धा खोटा आहे," मी त्याला म्हणाले. हे खरं होतं. त्यानंच मला कौतुकानं सांगितलं होतं की बटण दाबलं की इंजिनाचा आवाज आतल्या स्पीकरमधून मोठा ऐकू येतो.

"आवाज खोटा असंल, पण ब्रेक खरे आहेत बाई," तो म्हणाला. "तुझ्या मामांच्या गाडीला एक नारळ फोडल्याशिवाय घाट चढतो का?"

"चढतो. आणि तुझ्यापेक्षा चांगला."

"दाखव मग."

एवढंच. ज्या दोन वाक्यांनी मी एका माणसाचं डोकं त्याच्यापासून हिरावून घेतलं, ती ही.

आम्ही पोचलो तेव्हा पूजा होऊन गेली होती. जेवणं झाली. मामा-मामी देवळात गेले, होम होता. अंगणात हिरवी गाडी धुऊन उभी, नाकाला माळ. मी पुढं होऊन दार उघडलं, तर आत इस्टेरिंगला दुसरी माळ. ताजी, जाड, दोऱ्यानं घट्ट बांधलेली.

मित्र म्हणाला, "आतपण घातलीय. चालवायची नसंल आज."

"चालवायची नसते म्हणजे काय?" मी म्हणाले. "लोखंडाला काय कळतंय आज नवमी आहे ते? हेच तर. माणसानं स्वतः केलेल्या यंत्राला माणसानंच घाबरायचं." मला आठवतं, मी हे अगदी पत्रकात लिहावं तसं म्हणाले. गाडीची किल्ली सतरंजीवर हत्यारांशेजारी होती, तिच्यावर कुंकू. ते मी ओढणीनं पुसलं. इस्टेरिंगचा दोरा सोडला. माळ हातात आली तेव्हा ती कुठं ठेवायची हा प्रश्न पडला. अंगणात टाकून देववेना. झेंडू ताजे होते, आणि मामांनी स्वतः ओवले असणार. म्हणून मी ती नीट, दोन्ही हातांनी, हत्यारांच्या पेटीवर ठेवली.

घाट चढताना काहीच झालं नाही. चढावर ब्रेक लागतच नाही. केळघरच्या पुढं वळणावळणानं गाडी अशी चढली की मित्र ओरडून म्हणाला, "कबूल! कबूल! मला माझी गाडी आता रिक्षा वाटाया लागली!" वारा तोंडात भरत होता. मी इतकी खूश होते की वरती थांबून गाडी वळवताना पेडल जास्त खोल गेलं, तरी मी दोनदा दाबून पुढं निघाले. नेहमीसारखं.

उतारावर तिसऱ्या वळणाला पेडल जमिनीला टेकलं. दुसऱ्यांदा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं, नुसतं लोखंड. हातब्रेक ओढला तर तो मोडक्या दारासारखा सैल वर आला. मी गिअर उतरवला, क्लच दोनदा दाबायचं विसरले, आतून किंकाळीसारखा आवाज आला. पुढच्या वळणाला डावीकडं दरी होती, उजवीकडं डोंगर कापलेला. मी गाडी डोंगरावर घातली.

मित्राचं गळ्याजवळचं हाड मोडलं. मला कपाळावर चार टाके. गाडीचं लांब नाक आत गेलं आणि पुढचं एक चाक पोटाखाली दुमडलं. समोरून कुणी येत नव्हतं. हे मी रोज स्वतःला सांगते. त्यानं काही कमी होत नाही.

मामांना कळलं तसे ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर बसून आले. माझ्या कपाळावर त्यांनी टॉवेल दाबून धरला आणि एकीकडं गाडीच्या खाली बघत राहिले. मग सगळं हळूहळू बाहेर आलं. आदल्या संध्याकाळी ते मागच्या चाकांच्या ब्रेकचं काम करत होते. नळी सोडून रबरं बदलली, हातब्रेकची तार ढिली केली, नळीचा नट नुसता हातानं लावला, आणि अंधार पडला. सकाळी नवमी. पूजेला गाडी जॅकवर उभी ठेवायची नाही, ती स्वतःच्या चार चाकांवर उभी पाहिजे, म्हणून उजाडता उजाडता, हत्यारं पूजेला मांडायच्या आधी, त्यांनी जेमतेम चाकं तेवढी बसवली आणि गाडी धुतली. नट आवळायला पाना उचलायचा तो दसऱ्याला. म्हणून ती माळ.

दवाखान्यातून मेढ्याला परत आलो तेव्हा मामा अंगणात उभे राहून पेटीकडं बघत होते. माळ तिथं होती, मी ठेवली होती तशीच. नीट, गोल.

ते माझ्याजवळ आले. आवाज अगदी हळू होता. "पोरी, तू बसलीस तवा इस्टेरिंगला माळ व्हती का गं?"

मी म्हणाले, "नव्हती, मामा."

त्यांनी पुन्हा पेटीकडं बघितलं. मग म्हणाले, "मंग पेटीवर घातली म्या. गाडीला घातली आसं वाटत व्हतं बघ मला. हातानं गाठ मारल्याली आठवतीया. हे बघ, आसं." आणि हवेत बोटांनी गाठ मारून दाखवली.



माझ्या आजोबांचं, म्हणजे मामांच्या वडलांचं, आप्पांचं, शेवटी असंच झालं होतं. आधी विळा कुठं ठेवला ते विसरायचे, मग शेताची वाट, मग मामांचं नाव. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं, आणि तो शब्द तोंडातून गेल्यावर मामांच्या चेहऱ्यावर काय उतरलं ते मी ओळखलं. तरी परत घेतला नाही. त्या क्षणी मला वाटलं, चार दिवसांनी सांगू, कपाळाचे टाके निघाले की सांगू. चार दिवसांनी सांगणं आणखी अवघड झालं होतं.

मित्राला सगळं माहीत होतं. गळपट्टीत हात अडकवून तो सांगलीला मला भेटायला आला आणि म्हणाला, "सांगितलंस का?" मी म्हणाले, सांगणार आहे. पुढच्या महिन्यात परत तेच. नंतर त्यानं विचारणं सोडून दिलं. एकदा फक्त माझ्या नव्या पत्रकाची प्रत हातात घेऊन म्हणाला, "'प्रश्न विचारा, खरं बोला.' छान लिहितेस गं." त्याला टोमणा मारायचा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही.

मामांनी हिरवी गाडी दुरुस्त केली नाही. पुण्याच्या कुणा जुन्या गाड्या जमवणाऱ्यानं ती आहे तशी उचलून नेली. गुढीपाडव्याला मामा साताऱ्याला मला घेऊन गेले आणि एका दुकानासमोर ही राखाडी गाडी दाखवली. जुनीचे आलेले पैसे आणि वर स्वतःचे घातलेले. "तुला भुर्रकन जायला आवडतंय, म्हाईत हाय मला," ते म्हणाले. "ते काय सुटायचं न्हाई. मंग ही घे. हिला समदं कळतंय. काय ढिलं आसंल तर दिवा लावती. माज्यावानी इसरत न्हाई."

नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं, आणि खरं कारण एकच होतं. मी किल्ली घेतली.

आणि आता हे पण लिहिते, कारण लिहायचं तर सगळंच लिहावं. मला ती गाडी आवडली. शिरवळकडं पत्रकांच्या कामाला जाताना मोकळ्या रस्त्यावर ती एकशेवीसवर गेली तरी हातातला चहा हलत नाही. वळणावर ती स्वतःच सावरते. मी चुकले तर माझी चूक माझ्या आधी तिला कळते. हिरव्या गाडीत मी सगळ्या अंगानं ऐकत असे. हिच्यात बसले की मला काही ऐकावंच लागत नाही. आणि मला तेच हवं होतं. स्पीकरमधून येणारा तो खोटा आवाज हिच्यातही आहे. पहिल्या दिवशी बंद केला. महिन्याभरानं चालू केला.

गेल्या वर्षी खंडेनवमीला मी कामाचं निमित्त सांगून गेले नाही. यंदा मामींचा फोन आला, "ये बाई, ह्यांना बरं वाटंल." गेले.

घरात शिरले तर भिंतींवर कागद. वहीची पानं फाडून केलेल्या चिठ्ठ्या, मामांच्या जाड अक्षरांत. गॅसजवळ 'बंद केला का बघ'. दाराच्या आत 'किल्ली खिशात'. पाण्याच्या मोटारच्या बटणाजवळ, चष्म्याच्या फळीवर, देवघराशेजारी 'दिवा'. एक चिठ्ठी नुसती 'नट', कशाच्याच शेजारी नाही, भिंतीच्या मधोमध. आमच्या घरात पत्रकं असायची तशी ती सगळीकडं होती, फक्त ही सगळी एकाच माणसासाठी लिहिलेली.

मामा म्हणाले, "बगतीस काय? तुझा धंदा चालू केलाय म्या." मग हसत सांगत सुटले, साताऱ्याच्या डॉक्टरनं त्यांना कसं घड्याळ काढायला लावलं. "सव्वा धा वाजल्याचं काढा म्हणला. काढलं. शंभरातनं सात सात वजा करा म्हणला. केलं. म्हणला, आजोबा, तुमचं डोस्कं तर माज्यापरीस बरं हाय. तवा मला लयच भ्या वाटलं बघ. घड्याळ बरोबर निगतंय, वजाबाकी बरोबर येतीया, आन माळ तेवडी इसरली. म्हंजे कुटनं गळतंय तेच घावंना."

अंगणात सतरंजी होती, पण तिच्यावर फक्त विळा, खुरपं आणि मामींची पाटावरची विळी. लोखंडी पेटी बाजूला कुलूप लावून ठेवलेली.

"हत्यारं?" मी विचारलं.

"उद्या शिलंगणाला देऊन टाकतो. स्टँडपाशी ग्यारेज हाय, त्येला." त्यांनी हात वर करून मला तळवे दाखवले. "हात ठीक हायत. पर दुसऱ्याच्या गाडीत लेकरंबाळं बसत्यात. एक नट ऱ्हायला तर?"

मामी आतून झेंडूची माळ घेऊन आल्या, माझ्या गाडीच्या नाकाला घालायला. ती मामांच्या हातात दिली. ते गाडीकडं चालायला लागले आणि अर्ध्या वाटेत थांबून मामींना म्हणाले, "आगं, एकच व्हती न्हवं? दुसरी कुटं ठिवली न्हाई न्हवं म्या?"

"एकच व्हती आवं," मामी म्हणाल्या. "म्याच केली."

तेव्हा मी म्हणाले, "मामा, त्या दिवशी माळ होती."

त्यांना कळलं नाही. मी परत सांगितलं. इस्टेरिंगला होती, तुम्ही बांधली होती, दोन गाठी होत्या. मी सोडली. मला नियम माहीत होता. मी खोटं बोलले.

मामांनी हातातल्या माळेकडं बघितलं. मग विचारलं, "पेटीवर कुणी ठिवली?"

"मीच."

"का?"

"खाली टाकवेना."

"टाकायची व्हतीस," ते म्हणाले. "धुळीत दिसली आसती तर म्या वळखलं आसतं. म्या माळ धुळीत टाकत न्हाई." त्यांचा आवाज चढला नाही. "गाडी गेली, जाऊं दे. लोखंड व्हतं. पर दोन वर्सं म्या सवताच्या डोस्क्याला घाबरून ऱ्हायलो गं. गॅसची चावी तीन-तीनदा बगायचो. रस्त्यानं जाताना मागं वळून बगायचो, ह्योच का आपला रस्ता. आप्पांचं झालं तसं माजं व्हणार म्हणून हिला समदं शिकवून ठिवलं, बँक, लाईटबिल..."

मामी चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आन मी? चष्मा कुटं ठिवलासा म्हणून म्या वराडले की हे लेकरावानी रडायचे. तुला काय ठावं."

मी म्हणाले, "मामा, मला मारा." हे बोलतानाच मला त्यातला नाटकीपणा जाणवला. पत्रकातलं शेवटचं वाक्य असतं तसं.

"आज न्हाई," मामा म्हणाले. "आज काय बी उचलायचं नसतंय." ते चेष्टा करत नव्हते.

मग त्यांनी माझ्या गाडीचं दार उघडलं आणि हातातली माळ इस्टेरिंगला बांधली. सावकाश, दोन गाठी. बांधून झाल्यावर गाठींकडं बघत राहिले, एकेका बोटानं चाचपून पाहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "उतरवू नगंस," आणि आत गेले.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी मामी आपट्याची पानं घेऊन आल्या. मामांनी पानं दिली, मी पाया पडले, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण बोलले नाहीत. माळ इस्टेरिंगवरच होती. मी पिशवी उचलली आणि स्टँडवर जाऊन साताऱ्याची एस्टी धरली, तिथून सांगलीची.

त्याला आता महिना होत आला. गाडी मेढ्यातच आहे. रविवारी मी फोन करते, मामी बोलतात. मामा फोनवर येत नाहीत. पेटी स्टँडजवळच्या ग्यारेजला गेली नाही, हे मामींनी पहिल्याच रविवारी सांगितलं. चिठ्ठ्यांचं विचारलं तर म्हणाल्या, भिंतीवरची 'नट' तेवढी काढलीय, बाकीच्या आहेत. सवय लागलीय आता.

परवाच्या रविवारी मागून ठणठण ऐकू आलं. मी विचारलं, मामी, काय चाललंय?

"तुजी गाडी खोलून बसल्यात," त्या म्हणाल्या. "सकाळपासनं. वरनं निस्तं प्लास्टिकचं झाकाण हाय म्हणं, आतलं काय दिसू देत न्हाई. आत्ता निगालं ते. आन दिवं समदं लागल्यात, लाल, पिवळं, आतनं गाडी बोंबलतीया. ह्ये म्हणत्यात, बोंबलू दे."

"आणि माळ?"

"वाळून पाचोळा झालीय. पर काडू देत न्हाईत. काम आर्दं हाय म्हणत्यात."